म्हशीचं कातडं आणि सोलापूरचं ऊन : बुटांची आतापर्यंतची नोंद

जानेवारी

बुटाचं माप कधीही संध्याकाळी काढावं, आणि सोलापूरकराने तर दिवसभर तंगडतोड करून मगच काढावं. मी गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, फिरून आल्यावर कागदावर पाय ठेवला. पेन्सिल उभी धरून पायाची कड आखली, मग टेपने चवड्याचा आणि वरच्या चढाचा घेर घेतला. सकाळी घेतलेल्या मापापेक्षा चवड्याचा घेर पाव इंच जास्त. थंडीत एवढा, तर एप्रिल-मेच्या बेचाळीस अंशांत काय होईल, म्हणून घेरात थोडी ढील द्यायला सांगितली. लांबीत मात्र अजिबात नाही. कातडं आडवं ताणतं, लांबीला ताणत नाही. शिवाय टाचेपासून चवड्याच्या हाडापर्यंतचं अंतर जुळलं नाही, तर बूट भलत्याच ठिकाणी दुमडतो आणि शेवटपर्यंत चावत राहतो. अंगठ्यापुढे जागा किती आहे ते सगळेच दाबून बघतात, हे अंतर कुणी बघत नाही.

ऑर्डर आग्र्याला दिली.

फेब्रुवारी

बूट आले. घोट्याच्या वरपर्यंत उंची, म्हशीचं कातडं, जाडी सव्वादोन मिलीमीटर, आत अस्तर नाही, रंग न चढवलेला कच्चा पिवळसर. अस्तर मुद्दाम नको म्हटलं होतं. आपल्याकडे आत दुसरा थर म्हणजे पायाला भट्टीच. कातड्याची कमावणी क्रोमच्या क्षारांची नाही, झाडाच्या सालींची हवी होती. सोबत पाठवलेल्या तुकड्यावर खात्री करून घेतली. क्रोमच्या कातड्याची कापलेली कड, रंगाने झाकली नसेल तर, आतून निळसर-करडी दिसते आणि जाळल्यावर राख हिरवट पडते. इथे कड आरपार तपकिरी आणि राख करडी निघाली. म्हशीच्या कातड्याचे धागे गाईच्यापेक्षा जरा मोकळे आणि जाड असतात, त्यामुळे दुमडीच्या रेघा बारीक न पडता ठसठशीत पडतात. ज्यांना आरशासारखे बूट हवेत त्यांनी याच्या नादी लागू नये.

शिवण्याच्या पद्धतीबद्दल दोन शब्द. गुडइयर वेल्टचं, म्हणजे वरचं कातडं आणि सोल मधल्या पट्टीने जोडायच्या पद्धतीचं, कौतुक मलाही आहे, पण त्याच्या आतल्या शिलाईचं काम मशीनवाल्याचं. मी घेतलेल्या बुटाचं वरचं कातडं खाली बाहेरच्या बाजूला वळवून थेट सोलच्या थराला शिवलंय. ही शिवण बाहेरून दिसते, त्यामुळे आरी आणि दोन सुया चालवणारा कुठलाही जाणकार कारागीर ती उसवून पुन्हा घालू शकतो. असा माणूस सोलापुरात सापडतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत कोल्हापूर, सांगली, साताऱ्याबरोबर सोलापूरही होता, हे आपल्याच लोकांना ठाऊक नसतं. सालीवर कमावलेलं जाड कातडं हाताने शिवणं या भागाला नवीन नाही.

फेब्रुवारी अखेर, बदल

माझ्या ओळखीच्या काकांकडे बूट घेऊन गेलो. ते कोल्हापुरी शिवतात आणि जोडीला दुरुस्ती करतात. कोरे बूट बघून म्हणाले, "नव्या जोड्याला कशाला भोकं पाडताव?" यादी ऐकल्यावर मात्र त्यांना गंमत वाटायला लागली.

सगळ्यात महत्त्वाचं काम बुटाच्या जिभेचं, म्हणजे नाडीखालच्या पट्टीचं. आमची सकाळची चक्कर बऱ्याचदा सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानाकडे असते. तिथलं कुसळ ज्याने पायमोज्यातून उपसलंय त्याला सांगायला नको. कुसळाचं टोक टोकदार आणि पुढे सरकत जाणारं. मोकळ्या जिभेच्या बाजूने आत शिरतं आणि बोटांपर्यंत पोचतं. काकांनी मऊ कातड्याच्या दोन त्रिकोणी पट्ट्या कापल्या, रापीने, म्हणजे कातडं तासायच्या हत्याराने, त्यांच्या कडा कागदाएवढ्या पातळ केल्या आणि जिभेच्या दोन्ही बाजूंना घडी पडेल अशा शिवल्या. कडा पातळ करण्यातच सगळी कला आहे. जाड राहिल्या असत्या तर नाडी आवळली की पायाच्या वरच्या हाडावर वळ उठला असता. त्यानंतर एकही कुसळ आत गेलेलं नाही.

दुसरं, वरच्या तीन भोकांऐवजी नाडी अडकवायचे आकडे. शुद्धतावादी मंडळी नाक मुरडतात. पण आपल्याकडे घर, देऊळ, दवाखाना, मित्राचं दुकान, सगळीकडे उंबऱ्यापाशी पादत्राणं काढावी लागतात. सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाऊन दाराशी दहा मिनिटं नाडी सोडत बसायला मला तरी हौस नाही.

तिसरं, गिअरचं ठिगळ. डाव्या चवड्यावर मोटारसायकलच्या गिअरचा दांडा घासून काळा पट्टा पडतो आणि वरचा पापुद्रा निघतो. उरलेल्या तुकड्यातून अंडाकृती ठिगळ कापून तिथे शिवून घेतलं. जुनी, उजव्या गिअरची बुलेट चालवणाऱ्यांनी उजव्या पायावर घ्यावं.

आणि सोल. मूळ सोल खोल खाचांचा होता. असा सोल इटालियन गिर्यारोहक विताले ब्रामानीने आल्प्समधल्या १९३५ च्या गिर्यारोहण अपघातानंतर काढला. त्याच्यासमोर खडक आणि बर्फ होता, आपली रेगड माती नव्हती. पावसात काळ्या रानात शिरलं की खाचा भरतात आणि प्रत्येक पायाला किलोभर चिखल लागतो. म्हणून बारीक नक्षीचा, जवळजवळ सपाट रबरी सोल घालून घेतला. ओल्या फरशीवर तो जरा जपून चालवावा लागतो, हे कबूल.

मार्च

पायात रुळवायला सुरुवात. त्याआधी, तेल लावण्यापूर्वी, बूट सकाळच्या कोवळ्या उन्हात फिरवून फिरवून ठेवले. कच्चं कातडं उन्हाने आपोआप गडद होतं. आठवड्याभरात पिवळसरचा मधाळ रंग झाला. दुपारचं ऊन मात्र दाखवलं नाही.

तेलाबद्दल परदेशी सल्ला वाचून डबेच्या डबे ओतणारे पाहिलेत. इथल्या धुळीत तेलकट बूट म्हणजे धूळ पकडायचा सापळा, आणि भरपूर तेल पाजलेल्या कातड्यातून घामही बाहेर पडत नाही. दुसरी गोष्ट घरच्या तेलाची. आपल्या जिल्ह्यात करडई मुबलक, म्हणून पूर्वापार वहाणांनाही तेच चोपडतात. पण करडईचं तेल हवेत हळूहळू वाळून घट्ट होणाऱ्या जातीचं आहे, रंगकामात ते वापरतात ते त्याच गुणामुळे. कातड्यात ते चिकट होतं आणि पुढे कडक. जवसाचं तर त्याहून वाईट. एरंडेल तसं वाळत नाही. मी थोडं एरंडेल आणि मधमाश्यांचं मेण मंद आचेवर एकत्र करून, बोटाने, फक्त दुमडीवर आणि शिवणीवर लावलं. बाकी सगळं घोड्याच्या केसांच्या ब्रशने.

घालायची वेळ पहाटेची, कंबर तलावाला फेरी मारण्यापुरती, पातळ सुती मोजे घालून. सुरुवातीला टाच किंचित वर उचलली जात होती. हे सैलपणाचं लक्षण नसतं. सोल ताठ असतो तोवर तो पायाबरोबर वाकत नाही, म्हणून टाच सुटते. एकदा चवड्यापाशी सोल वाकायला लागला की टाच आपोआप बसते. माझी होळीच्या आसपास बसली. या घाईत जाड आतला तळ घालून बूट घट्ट करणारे पुढे पस्तावतात.

उजवी करंगळी मात्र चावत राहिली.

एप्रिल

करंगळीसाठी लोक भयानक गोष्टी सांगतात. बूट पाण्यात बुडवून घालून फिरा, हेअर ड्रायर मारा, दात-ओठ खाऊन चालत राहा. सालीवर कमावलेलं ओलं कातडं फार गरम झालं तर आकसून दगड होतं, आणि आपल्याकडे ड्रायरची गरजच काय, गच्चीवर ठेवलं तरी तेच होईल. काकांचा उपाय साधा. पेनने बुटावर दुखरी जागा दाखवायची. लाकडी कलबुतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, नेमक्या त्याच जागी कातड्याचा सुपारीएवढा तुकडा बारीक खिळ्यांनी ठोकायचा, बुटाच्या आतून तेवढीच जागा ओल्या फडक्याने दमट करायची आणि कलबूत आत घालून रात्रभर सोडायचं. सकाळी बाहेरून जेमतेम कळेल एवढा फुगवटा, आणि करंगळी मोकळी. सगळा बूट ढिला करायचं कारणच उरत नाही.

उन्हाळ्यात रोज घालत नाही, एक दिवसाआड. आतल्या कातडी तळाला घाम सोडायला वेळ लागतो. पारा चाळिशीपार गेल्यावर मित्र विचारायचा, "एवढ्या उन्हात हे लोढणं कशाला घालायलास बे?" उत्तर तळात आहे. तिथे आता माझ्या टाचेचा, चवड्याचा आणि पाचही बोटांचा स्वच्छ ठसा उमटलाय, आणि संध्याकाळी सुजलेला पायही त्यात बरोबर बसतो.

जून

पहिल्या पावसात हिप्परग्याच्या तलावाकडे जाऊन आलो. सोलने चिखल धरला, पण चालताना झडत होता. घरी आल्यावर माती ओली असताना खरवडायची नाही. वाळू द्यायची आणि मग ब्रश मारायचा. मात्र एका रात्रीपेक्षा जास्त ठेवायची नाही. काळी माती अल्कधर्मी असते, सालीवर कमावलेलं कातडं आम्लधर्मी, म्हणून फार वेळ राहिली तर कातडं बिघडतं. शिवाय वाळताना माती कातड्यातलं तेलही शोषून घेते. साबणाची पावडरही याच कारणाने वर्ज्य. आत जुन्या 'संचार' पेपरचे बोळे कोंबून सावलीत ठेवले, बोळे एकदा बदलले.

डाव्या टाचेची बाहेरची कड झिजायला लागलीय. दिवाळीआधी टाचेचा फक्त खालचा थर बदलून घेणार. काका म्हणतात लोखंडी नाल ठोकू या, पण ऑफिसच्या फरशीवर तो वाजेल आणि घसरेलही, म्हणून रबरच. कुणी टाचेला टायरचं रबर लावून पाहिलं असेल तर कितपत टिकलं ते लिहा.