स्टाफवाले साहेब आणि कामगार कायदा

नोकरी गेलेला माणूस पुण्यात माझ्या वकिलीच्या ऑफिसला येतो आणि बसायच्या आधीच सांगतो, "मॅडम, मी कामगार नव्हतो हं, स्टाफमध्ये होतो." अरे बाबा, मला सांगितलंस ते ठीक, साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून हे सांगू नकोस!

कारण कंपनीला नेमकं हेच हवं असतं. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने नुकसानभरपाई किंवा पुन्हा कामावर घेण्याची मागणी करायची, तर आधी 'कामगार' ठरावं लागायचं. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ती पायरी चुकलेली नाही. अंगमेहनतीचं, तांत्रिक, कारकुनी काम करणारे आत. मुख्यतः व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे बाहेर.

सगळ्यात मोठा गैरसमज पगाराचा. "मला साठ हजार होते, मी कसला कामगार?" पण पगाराची अट फक्त देखरेखीचं काम करणाऱ्यांना आहे: मर्यादेपेक्षा जास्त पगार असला की ते बाहेर. २०१० पासून ती मर्यादा महिना १०,००० रुपये होती; २१ नोव्हेंबर २०२५ला संहिता लागू झाली तेव्हा १८,००० झाली. (एवढ्या पगारात चाकणला सुपरवायझर मिळतो का, ते मला कुणीतरी दाखवावं.) साठ हजारांचा मेंटेनन्स टेक्निशियन मात्र कामगारच.

आणि हुद्दा? माझा एक अशील कागदोपत्री 'असिस्टंट मॅनेजर, क्वालिटी' होता. दिवसभर मायक्रोमीटरने जॉब, म्हणजे तयार झालेले सुटे भाग, मोजायचा आणि इन्स्पेक्शन रिपोर्ट भरायचा. कंपनीने त्याच्या सहीचे रजेचे अर्ज दाखल केले: बघा, हा रजा मंजूर करत होता. मी अर्ज हातात घेऊन बघितले. सही होती, पण 'शिफारस' या चौकोनात. 'मंजूर'च्या चौकोनात प्लँट हेडची. उलटतपासणीत एचआरच्या साक्षीदाराला विचारलं, याने कधी कोणाला मेमो दिला? नाही. कोणाची नेमणूक केली? नाही. ओव्हरटाइम याच्या एकट्याच्या सहीने चालायचा? बराच वेळ गप्प, मग नाही. तो मुद्दा आमच्या बाजूने लागला.

सगळ्यांचं असं जमत नाही. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली सांगितलं की शाळा हा उद्योग आहे, पण शिक्षक कामगार नाहीत. म्हणजे त्याच शाळेतला क्लार्क कामगार, पण बाई नाहीत. मला हा निकाल अजून पटलेला नाही.

जे बाहेर राहतात त्यांचं सगळंच बुडतं असं नाही. ग्रॅच्युइटी मॅनेजरलाही मिळते. पण नोकरीतून काढल्याची दाद मागायला दिवाणी कोर्ट आणि हातात नेमणूकपत्र. खासगी कंपनीत परत कामावर घ्या, असा हुकूम तिथे सहसा मिळत नाही. बहुतेकदा नोटिशीच्या पगाराएवढी रक्कम पदरात पडते.

हल्ली कंपनीच्या कैफियतीला, म्हणजे कोर्टातल्या लेखी उत्तराला, आणखी एक कागद जोडलेला असतो: पक्षकाराच्या लिंक्डइन प्रोफाइलची प्रिंट. "बारा जणांच्या टीमचं नेतृत्व." विचारलं तर म्हणतो, "मॅडम, ते असंच लिहायचं असतं." त्यामुळे आता फी सांगायच्या आधी मी प्रोफाइल उघडायला लावते.