टक्... आणि मग काहीच नाही

नांगर उचलणाऱ्या मोटरचं बटण दाबलं. रिलेचा, म्हणजे मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचचा, 'टक्' आवाज आला, पण नांगराची साखळी जागची हलली नाही.

गेटवेसमोर बोट उभी, ओहोटी लागलेली. मीटर लावला. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, रिलेपर्यंत आलेल्या केबलवरही तेवढेच. म्हणजे मोटर जळाली, असं मी ठरवूनही टाकलं.

सोबतचे तांडेलकाका म्हणाले, "बटण दाबून धर, मग बघ. भार पडल्याशिवाय वायर खरं बोलत नाही."

दाबून धरलं. बॅटरीवर १२, मोटरवर जेमतेम ७! म्हणजे बाकीचे व्होल्ट वाटेतल्या वायरमध्येच हरवत होते.

ब्रेकरजवळचं (जास्त वीज वाहिली तर ती तोडणाऱ्या स्विचजवळचं) वायरचं टोक उघडलं. खाऱ्या हवेनं तांबं हिरवं पडलेलं, तारा हातात तुटत होत्या. खराब भाग कापला, नवा लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) दाबून घट्ट बसवला. साखळी खडखडत वर आली.

काकांचं वाक्य अजून डोक्यातून जात नाही. माणसांनाही आपण निवांत वेळीच विचारतो ना, "सगळं ठीक?"