आमची वाटचाल: आधी खोली, मग स्पीकर

पुण्यात बुधवार पेठेतल्या एका जिन्याखाली वडिलांनी ऐंशीच्या दशकात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान थाटलं. ते वाढलं मात्र गणेश मंडळांच्या जिवावर. विसर्जन आटोपलं की जळलेल्या व्हॉइस कॉइलचे (पडदा हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीचे) स्पीकर हातगाडीवरून यायचे आणि दिवाळीपर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. अधूनमधून सोनोडाइन, कॉस्मिकचे घरगुती संच यायचे. बरेचदा वूफरच्या, म्हणजे खर्जाचा आवाज काढणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, कडेच्या फोमचा भुगा झालेला असायचा. आपल्या दमट हवेत तो दहा-पंधरा वर्षांत होतोच. नवा फोम डकवून द्यायचा, गिऱ्हाईक खूश.

आमच्या धंद्याला दुरुस्तीकडून स्पीकर विकण्याकडे वळण लागलं ते ज्यांच्यात काहीच बिघडलेलं नव्हतं अशा स्पीकरांमुळे. २००० नंतर आयटीतली मंडळी सिंगापूरहून, अमेरिकेहून महागडे स्पीकर घेऊन परतू लागली. जोडीची किंमत चारचाकीच्या घरात. घेऊन येताना एकच तक्रार असायची, "तिकडे काय वाजत होता हो, इथे मजाच येत नाही." आम्ही कॉइल तपासायचो, क्रॉसओव्हर (बारीक आणि जाड आवाज वेगळे करणारं सर्किट) उघडायचो, मोजणी करायचो. सगळं ठणठणीत. मग वडील म्हणाले, "अरे, एकदा घरी जाऊन तरी बघ."

घरी गेल्यावर जे दिसलं ते अजूनही थोड्याफार फरकाने तसंच दिसतं. दहा बाय बाराचा हॉल, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, समोर काचेचा स्लायडिंग दरवाजा, चारही बाजूंनी गिलावा केलेल्या भिंती. टाळी वाजवली तर झण्ण आवाज उमटतो. स्पीकर टीव्हीच्या युनिटमध्ये कोंबलेले आणि सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर. त्यावरून बारा फुटांच्या लांबीत सुमारे ४७ हर्ट्झला (सेकंदाला ४७ कंपनं) आणि दहा फुटांच्या रुंदीत सुमारे ५६ हर्ट्झला खोली स्वतःच घुमते. भिंतीला टेकून बसलं की हा खर्ज, म्हणजे खालचा जाड आवाज, फुगून कानावर येतो, आणि खुर्ची खोलीच्या अगदी मधोमध ठेवली की तोच स्वर जवळजवळ नाहीसा होतो. स्पीकर पन्नास हजारांचा असो की पंधरा लाखांचा, खोलीला त्याचं काही सोयरसुतक नसतं.

हे काही आम्ही लावलेले शोध नव्हेत. १८९५ साली हार्वर्डमध्ये वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकापुढे एक व्याख्यानगृह आलं, तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, घुमणं मोजायचं आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवायच्या, असा उद्योग केला. आम्हीही सुरुवातीला गाद्याच वापरल्या, अर्थात त्या त्या घरच्याच. जाड सतरंजी, पुस्तकांची भरलेली मांडणी, दुपदरी पडदे आणि भिंतीपासून दोन फूट पुढे ओढलेले स्पीकर एवढ्यावर निम्मी तक्रार मिटायची. दोन फूट पुढे ओढण्याला घरच्यांचा विरोध असायचा आणि तोही रास्तच. जाण्यायेण्याची वाट अडवून कोणी संगीत ऐकत नाही.

उरलेली निम्मी तक्रार मात्र गाद्यांनी मिटत नाही. ती अपेक्षेची असते.

दरवर्षी डिसेंबरात, सवाई गंधर्व महोत्सव आटोपला की आमच्याकडे चौकशा वाढतात. "तिथे जसं ऐकलं तसं घरात पाहिजे." आता मांडवात जे ऐकलं तेही माइकमधून आणि मोठमोठ्या स्पीकरांतूनच आलेलं असतं. पण ते उघड्या मैदानावर, हजारो लोकांबरोबर, रात्रीच्या गारव्यात ऐकलेलं. ते आम्ही कुठल्या खोक्यातून देणार? शिवाय घरी आवाज मोठा करायची सोय नसते, वरचे, खालचे, शेजारचे सगळेच ऐकत असतात. आवाज कमी केला की कानाला खर्ज सगळ्यात आधी कमी भासतो, हे फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. त्यामुळे रात्री अकराला हळू आवाजात तबला ऐकणाऱ्याला डग्गा पोकळ वाटतो. मग तो ५० वॉटचा ॲम्प्लिफायर काढून १०० वॉटचा घेतो. त्याने वाढतात फक्त ३ डेसिबल, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल एवढा आवाज, आणि तेही आवाज पुरा वाढवला तरच.

जुन्या नाट्यसंगीताचे दर्दी तर सगळ्यात जास्त निराश होतात. बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांत पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर गाण्याचं फारसं काही नसतंच, असते ती खरखर. साधा रेडिओ ती झाकतो, उत्तम ट्वीटर (बारीक आवाज काढणारा छोटा स्पीकर) ती सोलून समोर ठेवतो. अशा गिऱ्हाइकाला आम्ही स्पष्ट सांगतो की तुमच्या आवडीच्या संग्रहाला हा स्पीकर मानवणार नाही. विक्री गेली तरी चालते.

एलएस३/५ए या फूटभर उंचीच्या स्पीकराचीही अशीच गंमत. बीबीसीने तो सत्तरच्या दशकात स्टुडिओबाहेरून कार्यक्रम प्रसारित करणाऱ्या व्हॅनमध्ये, हाताच्या अंतरावर बसून ऐकायला बनवला. माणसाचा आवाज त्यातून इतका खरा येतो की त्याची ख्याती जगभर पसरली. ती ख्याती ऐकून लोक तो मोठ्या हॉलमध्ये लावतात, वाढदिवसाला ढोलकीची लावणी वाजवतात आणि म्हणतात, "एवढे पैसे घेऊन दम नाही." दम त्यात कधी नव्हताच.

आमच्या ऐकण्याच्या खोलीत स्पीकरांपुढे पातळ जाळीचा पडदा आहे, तो दिखाव्यासाठी नाही. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी एका स्पीकर कंपनीतल्याच माणसांवर प्रयोग केला. आधी पडद्याआडून ऐकवलं, मग तेच स्पीकर दाखवून. नजरेला पडताच मोठ्या, देखण्या, महाग स्पीकरांना जास्त गुण मिळाले. म्हणून आमच्याकडे पडदा आधी, किंमत नंतर. दोन जोड्यांची तुलना करताना आवाजाची पातळी मीटर लावून सारखी करतो, कारण एखादा डेसिबल जास्त असलेली जोडी बहुतेकांना उगाचच सरस वाटते. काही पाहुणे पडदा सरकल्यावर थोडे रागावतात. माझं मत विचाराल तर ठरावीक किमतीच्या वर जो पैसा जातो तो लाकडाला, पॉलिशला आणि नावाला जातो. तसा घालवायला हरकत नाही, फक्त कशासाठी घालवतोय ते माहीत असावं. "तीनशे तास वाजू द्या, मग खुलेल" असा सल्ला देणारेही बाजारात आहेत. तेवढ्या काळात स्पीकरपेक्षा कानच जास्त सरावतो, आणि परत करायची मुदतही संपते.

आता दुकानाचं काम असं चालतं: आधी आम्ही घरी येऊन खोली मोजतो, त्याची फी वेगळी. नंतर डेमोची जोडी अनामत घेऊन आठवडाभर तुमच्याच हॉलमध्ये ठेवतो. पटली तर नवी मागवतो, नाही तर अनामत परत. फोम आणि कॉइलचं जुनं काम अजून सुरू आहे, कित्येकदा महिन्याचं भाडं त्यातूनच निघतं. ऐकायला येताना आमची डेमोची गाणी मागू नका, ती कुठल्याही स्पीकरवर छानच वाजतात. तुम्हाला ज्याची प्रत्येक जागा पाठ आहे असं रेकॉर्डिंग आणा, आणि घरात रोज ज्याला ते ऐकावं लागणार आहे त्यालाही सोबत आणा.