आमची वाटचाल : आजीशी बोलता यावं म्हणून

आमचे रशियनचे वर्ग सुरू झाले ते बर्लिनच्या मार्त्सान भागात, सासूबाईंच्या स्वयंपाकघरात. विद्यार्थी दोनच : माझा मुलगा आणि वरच्या मजल्यावरची एक मुलगी. मी मूळची पुण्याची. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकले, त्या भाषेमुळेच नवऱ्याची ओळख झाली आणि लग्नानंतर इथे आले.

नवऱ्याचं घराणं व्होल्गाकाठच्या जर्मनांचं, म्हणजे रशियात व्होल्गा नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या जर्मन लोकांचं. १९४१च्या ऑगस्टमध्ये स्टालिनच्या सरकारने हुकूम काढला आणि या लोकांना राहत्या घरांतून उठवून सैबेरिया आणि कझाकस्तानात धाडलं. सासूबाई कझाकस्तानातल्या कारागांदात वाढल्या. त्यांच्या आईला जर्मन उत्तम येत होतं, पण चारचौघांत ती बोलायची चोरी. मुलींना त्रास नको म्हणून ती त्यांच्याशी रशियनच बोलत राहिली आणि एका पिढीत घरातली जर्मन संपली. १९९१मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला, त्यानंतर हे कुटुंब जर्मनीत आलं. त्या प्रदेशातून असे आलेले २० लाखांहून अधिक लोक इथे आहेत. आता नातवंडं घरातही जर्मन बोलू लागली होती. सासूबाई कारागांदाच्या शाळेत रशियन शिकवायच्या. त्या म्हणाल्या, "माझ्या आईशी मला तिच्या भाषेत कधी बोलता आलं नाही. नातवाच्या बाबतीत तसं होऊ देणार नाही."

पहिलं वर्ष आम्ही चुकीच्या वाटेने गेलो. रशियातल्या मुलांसाठी छापलेली पहिलीची पुस्तकं मागवली. पण ती पुस्तकं धरून चालतात की मूल दिवसभर रशियनच ऐकतंय. आमची मुलं दिवसभर जर्मन शाळेत. त्यांच्या डोळ्यांना लॅटिन अक्षरांची सवय, त्यामुळे 'रेस्तोरान'ची पाटी ती 'पेक्टोपाह' अशी वाचायची. अक्षरं सारखी दिसतात, उच्चार वेगळे. दिवाळीच्या सुमारास नऊ मुलं होती, वर्ष संपताना चार उरली. फी परत करताना मला रडू आलं होतं.

वाट सासूबाईंनीच काढली. एका शनिवारी त्यांनी वह्या बाजूला ठेवल्या आणि टेबलावर पीठ मळायला घेतलं. पेल्मेनी करायचे, म्हणजे कणकेत सारण भरून पाण्यात उकडलेले छोटे गोळे. प्रत्येकाने आपापले मोजायचे. रशियनमध्ये दोन, तीन, चारपुढे नामाचं एक रूप येतं आणि पाचापासून विसापर्यंत दुसरंच. 'द्वा पेल्मेन्या', पण 'प्यात पेल्मेनेय'. पुस्तकातून हे मुलांच्या गळी उतरत नव्हतं. इथे मात्र ज्याचं रूप चुकेल त्याचा गोळा ताटात परत. तासाभरात पाच वर्षांची मुलगी सात वर्षांच्या मुलाची चूक काढत होती.

तेव्हापासून आमचा प्रत्येक तास हातातल्या कामाभोवती असतो. मुलांच्या चुका कुठून येतात तेही कळत गेलं. रशियनमध्ये पायी जाणं आणि वाहनाने जाणं यांना वेगवेगळी क्रियापदं आहेत. एका मुलाने फोनवर आजीला सांगितलं की आम्ही उन्हाळ्यात तुझ्याकडे येतोय, पण क्रियापद वापरलं पायी येण्याचं. आजीने पलीकडून विचारलं, "पिश्कोम?" चालत? ती हसली, तोही हसला, आणि ते क्रियापद तो पुन्हा चुकला नाही. मला स्वतःला विभक्त्या आणि तीन लिंगं कधी जड गेली नाहीत, मराठीने ती सवय लावलेली होती. जर्मन शाळेतल्या मुलांनाही तीन लिंगं ओळखीची, पण नामाचा शेवट सतत बदलतो हे त्यांच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो.

२०२०च्या टाळेबंदीत वर्ग पडद्यावर गेले आणि हैफा, टोरांटोची मुलं आली. २०२२च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तो काळ सगळ्यात कठीण गेला. रशियातल्या दोन शिक्षिकांना पगार पाठवायचे मार्गच बंद झाले. एक जॉर्जियातल्या तिबिलिसीला गेली आणि तिथून शिकवते, दुसरीला आम्ही मुकलो. युक्रेनमधल्या खारकीवहून आलेल्या एका आईने मुलीचं नाव काढून घेतलं. घरात रशियनच बोलत होतो, आता तोंडात येत नाही, म्हणाली. मी तिला थांबवलं नाही. थांबवायचा मला अधिकार नव्हता. दुसरी एक आई म्हणाली, माझी आई फक्त रशियन बोलते, तिची नात तिच्यापासून तोडू कशी? त्या मुलीची आम्ही दोन वर्षं फी घेतली नाही.

आज आमच्याकडे ६४ मुलं आणि सात शिक्षिका आहेत. एका तासाला सहापेक्षा जास्त मुलं घेत नाही, त्यामुळे नफा बेताचाच राहतो. आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाने घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाशी दहा मिनिटं बोलायचं, ही अट मात्र आम्ही कोणासाठीच शिथिल करत नाही.

यंदा मोठ्या मुलांसाठी हस्ताक्षराचा वर्ग घेतलाय. अक्षरं एकमेकांना जोडून लिहायच्या रशियन हस्ताक्षरात 'श', 'इ', 'ल', 'म' यांची सलग वळणं एकसारखी दिसतात, छापील वाचणारं मूलही तिथे अडखळतं. जुन्या वळणाची माणसं 'श'खाली एक आडवी रेघ ओढतात आणि 'त'वर एक. गेल्या आठवड्यात चौदा वर्षांचा एक मुलगा त्याच्या पणजोबांचं कारागांदाहून आलेलं पत्र घेऊन आला. सासूबाईंनी चष्मा लावला, रेघांवर बोट ठेवलं आणि पत्र त्याच्याच हातात परत दिलं. पहिली ओळ वाचायला त्याला चार मिनिटं लागली. दुसरीला दोन.