एक अंक गळाला की पार्टिशनच बदलतं

डिस्कवरचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक वेगळा केलेला भाग, पुसून कोरं करणारं टूल होतं, सी भाषेतलं. सहकाऱ्याने रिव्ह्यूला पाठवलेला बदल छोटा होता: दिलेल्या नावावरून डिव्हाइसचा पाथ शोधायचा. लिनक्समधली 'एसडीए', 'एसडीबी' ही डिस्कची छोटी नावं टाळून त्याने बाय-आयडी या डिरेक्टरीतली, डिस्कच्या ओळखीवरून बनलेली नावं घेतली होती, हे मला मनापासून पटलं. डिस्क ज्या क्रमाने सापडतात तशी लिनक्स कर्नल एसडीए-एसडीबी ही नावं देतं, त्यामुळे रीबूटनंतर त्यांची अदलाबदल होऊ शकते. बाय-आयडीतल्या नावात मॉडेल आणि सिरीयल नंबर असतो.

म्हणूनच ती नावं लांबलचक असतात. आणि पाथ जोडायचा बफर, म्हणजे मजकूर ठेवायची मेमरीतली जागा, होती ६४ बाइटांची. जोडणी एसएनप्रिंटएफने केली होती. हे फंक्शन दिलेल्या जागेपुरताच मजकूर लिहितं आणि उरलेला कापतं, म्हणजे ओव्हरफ्लोची, बफरबाहेर लिहिलं जाण्याची भीती नाही. रिव्ह्यू करणारे बहुधा इथेच निर्धास्त होतात. मी अक्षरं मोजायला घेतली. टेस्ट मशीनवरच्या एका डिस्कच्या बाराव्या पार्टिशनचा पाथ नेमका ६४ अक्षरांचा भरला. मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्य बाइटला एक जागा दिली की उरतात ६३. शेवटचा २ गळतो आणि 'पार्ट१२'चं 'पार्ट१' होतं!

तुटलेला पाथ कुठेच नसता तर ओपन तिथेच फेल झालं असतं. पण हा तर त्याच डिस्कच्या पहिल्या पार्टिशनचा खराखुरा पाथ. ब्लॉक डिव्हाइस (डिस्कसारखं साठवणीचं साधन) आहे का, या तपासणीतूनही तो सुटला असता. कुणाचा तरी सगळा डेटा गेला असता आणि टूलने 'काम पूर्ण' असं कळवलं असतं. मला अक्षरशः धडकी भरली.

"बफर ४०९६चा करतो," सहकारी म्हणाला.

"कर, पण परत आलेला आकडाही तपास," मी म्हटलं. एसएनप्रिंटएफ परत करतं ती पूर्ण मजकुराची लांबी, मग तो मावलेला असो वा नसो. ती बफरइतकी किंवा जास्त भरली, तर पुढे एक पाऊलही टाकायचं नाही.

आणखी एक गोष्ट मी अडवली. कोड आधी पाथवर स्टॅट करत होता, म्हणजे तिथे काय आहे याची माहिती विचारत होता, मग तोच पाथ उघडत होता. मधल्या क्षणात डिस्क काढली-घातली, तर सिमलिंक (बाय-आयडीतलं नाव खऱ्या डिव्हाइसकडे नेणारा दुवा) दुसरीकडे वळू शकते. आधी उघडायचं, मग हाती आलेल्या डिस्क्रिप्टरवर, म्हणजे उघडलेल्या डिव्हाइसच्या क्रमांकावर, एफस्टॅटने तीच माहिती विचारून कर्नलचे डिव्हाइस ओळखायचे मेजर-मायनर नंबर जुळवायचे, आणि लिहायचं तेही त्याच डिस्क्रिप्टरवर.

त्याने दोन्ही बदल केले आणि ६४ अक्षरी पाथची टेस्टही जोडली. जुन्या कोडवर ती फेल झालेली पाहिली, मगच मंजुरी दिली.