मीटर लीन म्हणत होता, डोळे झोंबत होते

पोरगा इंदूरच्या रामबागेतला, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. ३७३ सीसीची ड्यूक माझ्या गॅरेजच्या दारात लावून हेल्मेट काढायच्या आधीच म्हणाला, "काका, पिगीबॅकच बसवा. मॅपवाला."

तक्रारी तीन. थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये फटाके, तीन हजार आरपीएमला झटके, आणि अ‍ॅव्हरेज २८ वरून २१. महिन्यापूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात आवाजाचा सायलेन्सर लावून घेतला होता.

अशा गाडीला तीन वाटा असतात. सगळ्यात स्वस्त बॉक्स नुसता धुराच्या पाइपातल्या ओटू (ऑक्सिजन) सेन्सरच्या वायरीत बसतो आणि 'मिक्श्चर लीन आहे', म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, असं ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, थोडं खोटं सांगतो. मग ईसीयू आपणहून पेट्रोल वाढवतो. पिगीबॅक हा ईसीयूकडून इंजेक्टरला जाणारा सिग्नल मधेच अडवतो आणि इंजेक्टर किती वेळ उघडा राहील ते बदलतो; आरपीएम आणि थ्रॉटलच्या तक्त्यातला, म्हणजे मॅपमधला, प्रत्येक खण वेगळा भरता येतो. तिसरी वाट, ईसीयूच फ्लॅश करायचा, म्हणजे त्यातला प्रोग्रॅमच बदलायचा. रोज भंवरकुआंपर्यंत कॉलेजला जाणाऱ्याला पहिला पुष्कळ झाला. पण पोराने व्हिडिओ पाहिले होते आणि मी, खरं सांगतो, बिल पाहिलं.

इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या बेंड पाइपला नट वेल्ड करून त्यात वाइडबँड सेन्सर लावला. गाडीचा स्वतःचा ओटू सेन्सर नॅरोबँड; तो १४.७ च्या (वजनाने एक भाग पेट्रोलला इतके भाग हवा; आकडा वर गेला की लीन) अलीकडे की पलीकडे एवढंच धड सांगतो. वाइडबँड आकडा देतो. सकाळी सहाला, इंदूर पोहे-जिलबीला बसायच्या आत, सुपर कॉरिडॉर गाठला. फुल थ्रॉटलला १३.१. म्हणजे हवं तसंच, जोर लावताना पेट्रोल जरा जास्तच लागतं. तीन हजारला मात्र १५.८. सापडलं! त्या खणांत पाच टक्के पेट्रोल वाढवलं, १५.१ झाला. आठ केलं, १४.७. आकडा अगदी शहाण्यासारखा ऐकत होता.

गाडी मात्र बिघडत चालली होती. फटाके वाढले, येताना सिग्नलला दोनदा बंद पडली. गॅरेजात सायलेन्सरच्या मागे उभा राहिलो तर डोळ्यांत पाणी. प्लग काढला, तो तव्याच्या बुडासारखा काळा. लीन चालणाऱ्या गाडीचा प्लग पांढरट पडतो. हे मी पोरांना शिकवतो, आणि सकाळभर मीच मीटरकडे बघत बसलो होतो.

सेन्सर पेट्रोल मोजत नाही. धुरात ऑक्सिजन किती, तेवढं बघतो. तो ऑक्सिजन इंजिनातून आला की बाहेरून शिरला, हे त्याला काय कळणार!

दुसऱ्या दिवशी इंजिन गार असताना सायलेन्सरच्या तोंडाला चिंधी गुंडाळून ब्लोअर लावला आणि बेंड पाइप इंजिनाच्या हेडला मिळतो त्या जोडावर साबणाचं पाणी टाकलं. खालच्या बाजूने भसाभस फेस आला. बेंड पाइप उतरवला. पॅकिंग जुनीच, एकदा दाबलेली तीच पुन्हा बसवलेली, एका कडेने जळून खाल्लेली.

मग सगळं जुळत गेलं. कमी आरपीएमला प्रत्येक धक्क्यानंतर पाइपात क्षणभर ओढ तयार होते, त्या फटीतून हवा आत येते. गाडीचा सेन्सर 'लीन, लीन' म्हणून ओरडतो, ईसीयू पेट्रोल ओतत राहतो. थ्रॉटल सोडला की ते न जळलेलं पेट्रोल आणि आलेली हवा गरम पाइपात भेटतात, आणि फटाका. फुल थ्रॉटलला धुराचा लोंढाच इतका की फटीचं काही चालत नाही. म्हणून तिथला १३.१ खरा होता. आणि मी वर आठ टक्के घातले होते!

नवी पॅकिंग टाकली, पिगीबॅक उतरवला, ईसीयूने शिकलेलं पुसलं. तीन हजारला मीटर १४.७ च्या आसपास डोलू लागला. (पंपावरच्या ई२० ला, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला, खरं प्रमाण साडेतेराच्या आसपास लागतं, पण मीटर लॅम्डा, म्हणजे हव्या त्या प्रमाणाच्या किती पट हवा आहे ते, मोजून साध्या पेट्रोलच्या पट्टीवर दाखवतो, म्हणून दिसतो १४.७ च. यावरून लोक भांडून गेलेत माझ्याशी.)

पोराचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे काहीच लावायचं नाही?"

"आधी महिनाभर चालव. मग बघू."

पॅकिंगचे आणि मजुरीचे पैसे घेतले. वेल्डिंगचे मागायला जीभ रेटली नाही. नट पाइपलाच राहिला, त्यात बोल्ट मारून दिला. मित्रांना तो 'ट्यूनिंग पोर्ट' म्हणून दाखवतो, असं कानावर आलंय.