तुम्ही विचारलंत म्हणून: मेडिकलला अडणारं काही असेल, तर सैन्यात जाता येतं का?

"पोरगं पळायला चांगलं आहे, अभ्यासही करतंय, पण त्याला जरा हे आहे. मेडिकलला चालेल का, सर?" सैन्यातून निवृत्त होऊन सोलापुरात आल्यापासून हा प्रश्न मला कुठंही गाठतो. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज बघायला उभा असतानासुद्धा. 'हे' म्हणजे काय, ते दर वेळी वेगळं. कुणाचे गुडघे एकमेकांना घासतात, कुणाचा कान लहानपणी वाहायचा, कुणाला रंग नीट कळत नाहीत. काही जण बाजूला घेऊन हळूच सांगतात, की लहानपणी आकडी यायची, आता येत नाही. माझी सगळी नोकरी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून झाली. भरतीच्या मेडिकलमध्ये डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली मी पोरांची मापं घेतली आणि 'अनफिट' ऐकल्यावर त्यांचे चेहरेही पाहिले. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

लपवून जाता येत नाही, आणि जाऊही नये. पण ज्याची घरात धास्ती असते, त्यातलं बरंच काही एक तर मापात बसतं, नाही तर वेळेवर उपचार केला की सुटतं. जे सुटत नाही, ते सरावाच्या पहिल्याच महिन्यात कळायला हवं. आपल्याकडं ते सगळ्यात शेवटी कळतं, आणि माझं दुखणं नेमकं तेच आहे.

२०२३ पासून अग्निवीर भरतीत आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, मग मैदान आणि त्यानंतर मेडिकल असा क्रम आहे. सैन्याच्या दृष्टीनं तो ठीक आहे. हजारो अर्जदारांची कसून तपासणी करत बसण्यापेक्षा आधी चाळून घेतलेलं बरं. पण पोरानंही स्वतःची तयारी त्याच क्रमानं करायची हे कुणी सांगितलं? करमाळ्याचं, सांगोल्याचं, अक्कलकोटचं पोरगं सोलापुरात खोली घेऊन राहतं. बाप डाळिंबाचे किंवा उसाचे पैसे आले की ॲकॅडमीची फी भरतो. पहाटे चारला उठून पळणं, दिवसभर गणित आणि जीके. वयाची मर्यादा साडेसतराला सुरू होते आणि चार-पाच वर्षांत संपते. त्यातली दोन-तीन वर्षं अशी जातात आणि मग शेवटच्या टेबलावर कुणीतरी पोराला पाय जुळवून उभं राहायला सांगतं. सोळाशे मीटर पहिल्या गटात, साडेपाच मिनिटांच्या आत मारलेला एक पोरगा मला आठवतो. बूट हातात धरून तो मला विचारत होता, "हे दोन वर्षांपूर्वी कुणी का नाही सांगितलं?" त्याच्या गावात कुणालाच ते माहीत नव्हतं. कुणी पाहिलंच नव्हतं, तर सांगणार कोण?

पाहायला फार काही लागतही नाही. माझ्या घरापुढं शहाबादी फरशी आहे. पोराला बादलीत पाय बुडवायला सांगतो आणि फरशीवर उभं करतो. तो बाजूला झाला की ओला ठसा दिसतो. टाच आणि चवडा यांच्यामध्ये आतल्या बाजूला कोरडी जागा राहिली, तर कमान आहे. अख्खं पाऊल उमटलं, तर तळवा सपाट. इथं निम्मी पोरं रडवेली होतात. पण तपासणी इथं संपत नाही. मग त्याला चवड्यावर उभं करायचं आणि मागून बघायचं. टाच उचलल्यावर कमान परत दिसायला लागली, चवड्यावर नीट पळता आणि उड्या मारता आल्या, पाऊल लवचिक आहे आणि दुखत नाही, तर असा तळवा सैन्याच्या निकषात चालतो. चवड्यावर उभं राहूनही पाऊल फळीसारखं सरळ राहिलं, तर मात्र नाही. पाठीवर वजन घेऊन मैलोन्‌मैल चालायचं असतं, त्यात असा पाय आधी दुखतो आणि मग निकामी होतो.

गुडघ्यांचंही तसंच. दोन्ही गुडघे हलके टेकतील इतपतच जवळ आणून सरळ उभं राहायचं आणि आतल्या घोट्यांमधलं अंतर मोजायचं. पाच सेंटिमीटरच्या आत असेल, तर घाबरायचं कारण नाही. काही पोरं गुडघ्यांमध्ये उशी बांधून झोपतात, कुणी बाटली धरून बसतं, कुणी तेल चोळतं. वाढ पूर्ण झालेलं हाड उशीनं वळत नाही. मांड्या जाड असल्यामुळं अंतर जास्त दिसत असेल, तर वजन उतरल्यावर फरक पडतो. बाकी काही नाही. अंतर पाचच्या बरंच वर असेल आणि पोरगं सतरा-अठराचं असेल, तर अस्थितज्ज्ञाला दाखवा. ते जे सांगतील ते मान्य करा. केवळ भरतीसाठी धडधाकट पोराच्या पायाचं हाड कापून घ्यायला मी तरी सांगणार नाही.

कानाबद्दल आपल्याकडं मोठी हयगय आहे. विहिरीत, कालव्यात पोहून कान फुटतो, मग आजी गरम तेल सोडते. काडी आणि सेफ्टी पिन तर रोजचीच. साधा मळ साठला असला, तरी डॉक्टरला पडदा दिसत नाही आणि पोरगं पुढच्या तपासणीला अडकतं. सिव्हिलच्या ओपीडीत केसपेपर काढून जे काम होतं, त्यासाठी असा घोर कशाला? पडद्याला भोक असेल, तर ऑपरेशन होतं, पण पडदा धरला की नाही हे कळायला महिने जातात. भरती मेळाव्याच्या तोंडावर केलेलं ऑपरेशन उपयोगाचं नाही. नाकाचं वाकडं हाड, किडलेले दात, मूळव्याध, हर्निया ही सगळी याच गटातली. आधी कळली, तर उपचार होतात आणि जखम भरायला वेळही मिळतो. अंडकोषाच्या शिरा फुगल्या असतील, तर पोरं लाजेनं घरात बोलत नाहीत. वडिलांनी विचारावं. थेट विचारावं. पोटरीवरच्या फुगलेल्या शिरांचं मात्र वेगळं आहे. तिथं ऑपरेशन केलं तरी निकषानुसार अनफिटच धरतात, त्यामुळं केवळ भरतीसाठी त्यावर पैसे घालू नका. आणि गोंदवून घेण्याबद्दल एक सांगतो. दंडावर, छातीवर महाराजांचं चित्र काढून घेणारी पोरं मनानं चांगली असतात, पण कायमचा टॅटू फक्त कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंज्याच्या पाठीवर चालतो. भरती होईपर्यंत थांबा.

रंगांचं आता. ठिपक्यांच्या पानातला आकडा ओळखायची जी वही असते, ती जपानी लष्करी डॉक्टर शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली, आणि मुळात ती सैन्यात येणारी माणसं तपासण्यासाठीच होती. आपली पोरं ती पानं मोबाइलवर पाठ करतात. पानं उलटसुलट क्रमानं दाखवली की पाठांतर तिथंच उघडं पडतं. रंगांधळेपणा जन्मतः असतो, आईकडून मुलाकडं येतो, आणि त्यावर औषध नाही. 'रंग बरा करतो' म्हणून थेंब आणि चष्मे विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. पण हेही खरं, की रंग ओळखण्यातली प्रत्येक कमतरता बाद करत नाही. अंधाऱ्या खोलीत दीड मीटरवरून मार्टिन लँटर्न या तपासणीच्या कंदिलातला लाल, हिरवा आणि पांढरा दिवा अचूक सांगता आला, तर बऱ्याच पदांना तेवढं पुरतं. म्हणून आधी चांगल्या नेत्रतज्ज्ञाकडून प्रकार आणि तीव्रता लिहून घ्या.

चष्मा घालवण्यासाठी लेझर करू का, हे सगळ्यात जास्त एनडीएवाले, म्हणजे बारावीच्या सुमारास अधिकारी होण्यासाठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा देणारे, विचारतात. अधिकारी भरतीत लेझर चालतं तिथंही अट अशी आहे, की ऑपरेशनच्या वेळी वय २० च्या पुढं असावं आणि नंतर १२ महिने गेलेले असावेत. एनडीएत साडेएकोणीसपर्यंत दाखल व्हायचं असतं. गणित तुम्हीच करा. पदवीनंतर सीडीएस ही अधिकारी भरतीची परीक्षा देणाऱ्याला मात्र हा रस्ता खरोखर उघडा आहे.

आता लपवण्याबद्दल. आकडी आणि दमा या दोन गोष्टी लोक सर्रास लपवतात, कारण तपासणीच्या दिवशी त्या दिसत नाहीत. मेडिकलच्या फॉर्मवर विचारलेलं असतं: पूर्वी फिट आली होती का, दमा होता का. पोरगं 'नाही' लिहितं आणि खाली सही करतं. मग बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री सेंटरसारख्या ठिकाणी झोप कमी, कष्ट जास्त, आणि हातात भरलेली रायफल. आकडी यायला हीच वेळ सापडते. त्याच्या जिवाचं मी सांगतोच, पण त्याच्या शेजारी पालथा पडून नेम धरणाऱ्या पोरालाही आई असते.

याला कागदाचीही एक बाजू आहे, आणि ती कुणी सांगत नाही. धरमवीर सिंग हे १९८५ मध्ये सिग्नल्समध्ये, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन दलात, भरती झालेले जवान. १९९४ मध्ये फेफऱ्याच्या, म्हणजे आकडीच्या, कारणावरून त्यांना बोर्ड आउट केलं, म्हणजे मेडिकल बोर्डानं अनफिट ठरवून सेवेतून काढलं, आणि अपंगत्वाचं पेन्शन नाकारलं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि पुढं त्याच कारणावरून बाहेर काढलं, तर तो आजार सेवेतच उद्भवला असं धरायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. म्हणजे भरतीच्या दिवशीचा तो कोरा, स्वच्छ कागद जवानाच्या आयुष्यभराचं संरक्षण आहे. पण कुणाचं? जो खरोखर निरोगी आत गेला त्याचं. लहानपणच्या उपचाराची फाइल पुढं आली की ते संरक्षण उरत नाही. अग्निवीराला तर पेन्शनच नाही. सेवेमुळं अपंगत्व आलं, तर टक्केवारीनुसार १५, २५ किंवा ४४ लाखांची एकरकमी भरपाई आहे, तीही आजार सेवेमुळं झाला असं ठरलं तरच. खोटी सही करून आत गेलेल्याच्या हातात काय राहील, विचार करा.

'सेटिंग'वाल्यांचं मी पुष्कळ ऐकलंय. त्यांची रीत अशी: दहा जणांकडून पैसे घ्यायचे, जे स्वतःच्या अंगानं पास होतील त्यांचे ठेवायचे आणि बाकीच्यांना परत करतो म्हणून फिरवायचं. पास झालेल्या पोराचा बाप जन्मभर त्यांचे उपकार मानतो. सैन्याच्या भरतीत मेडिकल पास करून देणारा कुणीही बाहेर बसलेला नसतो. जमीन विकू नका. हात जोडून सांगतो.

मेळाव्यात अनफिट म्हणाले, तर तिथंच सगळं संपत नाही. कोणत्या लष्करी रुग्णालयात, किती दिवसांत फेरतपासणीला जायचं हे चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. ती चिठ्ठी जपा आणि तारीख चुकवू नका. तिथं त्या विषयाचा तज्ज्ञ पुन्हा बघतो आणि कितीतरी पोरं तिथं फिट होतात. बाहेरच्या डॉक्टरचं 'फिट' सर्टिफिकेट नेऊन फारसा उपयोग होत नाही, कारण तज्ज्ञ स्वतः तपासूनच ठरवतो. अधिकारी भरतीत अपील मेडिकल बोर्डासाठी ४२ दिवसांची मुदत असते आणि त्यानंतरचा रिव्ह्यू पुण्याच्या किंवा दिल्लीच्या लष्करी हॉस्पिटलला होतो.

आणि ज्याचं उत्तर खरोखरच 'नाही' असतं, त्या पोराचं काय? त्याला मी गोल फिरवून सांगत नाही. वडिलांना बाहेर पाठवून आधी त्यालाच सांगतो, कारण अंग त्याचं आहे. 'सैन्य नाही तर बीएसएफ, सीआरपीएफ' असा सल्ला लोक लगेच देतात. पण निमलष्करी दलांच्या जाहिरातीतही गुडघे जुळणं, सपाट तळवा, फुगलेल्या शिरा आणि तिरळेपणा नको, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. सोरेगावच्या एसआरपीकडं, म्हणजे राज्य राखीव पोलीस दलाकडं, बघूनही मोठी आशा लावतात, तर तिथंही आधी निकष वाचा, मग घाम गाळा. संरक्षण खात्यात गणवेशाशिवायच्या नागरी जागा निघतात. तिथं कारकून, स्टोअरकीपर, कारागीर लागतात, आणि शारीरिक निकष जवानासारखे नसतात. रंग कमी दिसणाऱ्या पोरांना वाटतं की आता गाडीसुद्धा चालवता येणार नाही. तसं नाही. सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना लायसन्स द्यायची तरतूद २०२० मध्ये झाली. अठराव्या वर्षी हे सगळं कळलं, तर पोराकडं आयटीआयला, नर्सिंगला, बापाच्या द्राक्षबागेला द्यायला अख्खी उमेद असते. तेच बाविसाव्या वर्षी कळलं, की घर कर्जात असतं आणि पोरगं महिनोन्‌महिने कुणाशी बोलत नाही. अशी घरं मी पाहिली आहेत, म्हणून पुन्हा पुन्हा एकच सांगतो, ॲकॅडमीची फी भरण्याआधी पोराला तपासून घ्या.

माझ्याकडं आणायचं असेल, तर रविवारी सकाळी आणा. पैसे घेत नाही. जुने केसपेपर, चष्म्याचा नंबर, झालेल्या ऑपरेशनचे कागद बरोबर असू द्या. आणि वडिलांबरोबर पोराच्या आईलाही आणा. लहानपणी ताप डोक्यात जाऊन आकडी आली होती का, कान कितीदा वाहिला, हे बहुतेक वेळा तिलाच आठवतं.